सूपभर कोंड्याला घेतलेली पोर

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. धान्य पाखडायचं साधं बांबूचं सूप. माझा काठ एका बाजूनं उसवला आहे आणि पाठीवरच्या लेपाच्या खपल्या निघाल्या आहेत. आयुष्यभर मी जोंधळे पाखडले, तांदूळ पाखडले, तुरी पाखडल्या. चांगलं ते मागे ठेवायचं आणि फोल ते पुढे उडवून द्यायचं, एवढंच माझं काम. पण एकदा माझ्यात एक जिवंत मुलगी ठेवून तिला उकिरड्यावर ओतलं होतं. त्या मुलीची आणि तिच्या नावाची ही गोष्ट आहे. ती फार सुखाची नाही, पण ऐका.

पुण्यात पेशव्यांचं राज्य होतं, तेव्हा कसबा पेठेत सोजरबाई बुरडिणीनं मला विणलं. सोजरबाई मूळची हडपसरची. लग्न होऊन पेठेत आली होती, पण बोली गावाकडचीच राहिली होती. बांबूच्या बारीक पात्या तिच्या बोटांतून सरसर जायच्या. विणता विणता ती माझ्याशी बोलायची. "जरा वाकडा झालास तर तुलाच नावं ठेवतील, मला न्हाई," असं म्हणून तिनं माझा काठ दोनदा उलगडून पुन्हा बांधला. मला तिच्या हाताचा तो धाक अजून आठवतो.

मला विकत घेतलं मैनेनं. ती तांबट आळीतल्या सोनबाची बायको, नव्यानंच सासरी आलेली. कागद भिजवून त्यात मेथीची पूड कुटून तिनं माझ्या अंगाला लेप दिला आणि मला उन्हात ठेवलं. घर दोन खणांचं होतं. पुढच्या खणात सोनबा तांब्याचे हंडे नि घंगाळी ठोकायचा. सकाळी शनिवारवाड्यावरचा चौघडा थांबला की आळीतले हातोडे सुरू व्हायचे, ते दिवस मावळेपर्यंत. मागच्या खणात चूल, जातं, मी, आणि सोनबाची आई मथुराबाई. घरातला शब्द मथुराबाईंचा होता. सोनबा फारसा बोलायचाच नाही. त्याचा सगळा आवाज हातोड्यात जात असावा.

मैनेला पहिला मुलगा झाला तेव्हा मथुराबाईंनी आळीभर घुगऱ्या वाटल्या. हरभरे मीच पाखडले होते. नाव ठेवलं यशवंत. चौदाव्या महिन्यात तो हगवणीनं गेला. मग मुलगी झाली. तिचं नाव रूपा. ती आठ महिन्यांची होऊन गेली. तिसरा दौलत. तो पुरता वर्षाचाही झाला नाही. एका सकाळी मैना त्याला उठवायला गेली आणि तो उठलाच नाही.

आळीनं या तीन मरणांचं कारण शोधून काढलं. शेजारच्या ठकूबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, "यशवंत काय, रूपा काय, दौलत काय! तांबटाचं घर आहे की सरदाराचं? एवढाली नावं ठेवल्यावर यमालाही वाटणारच, बघून तरी यावं."

हे बोलणं मैनेनं ऐकलं. ती तेव्हा माझ्यात तांदूळ निवडत होती. तिनं एकही खडा काढला नाही. नुसतीच बोटं फिरवत राहिली.

चौथ्या खेपेला मुलगी झाली. मथुराबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

"या खेपेला बारसं नाही, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत," त्या म्हणाल्या. "पोर आपली नाही असंच वागायचं. उकिरड्यावर टाकायची, दुसरीनं उचलायची आणि आपण कोंड्यावर विकत घ्यायची. नाव असं ठेवायचं की यमानं नाक मुरडून पुढच्या घरी जावं."

"आत्याबाई, पण एवढीशी पोर ती..." मैना पुटपुटली.

"मैने, माझं माहेरचं नाव ठाऊक आहे तुला? दगडी. माझ्या आधीची पाच गेली होती. मथुरा हे नाव लग्नात मिळालं. बारा वर्षं दगडी म्हणून हाका ऐकल्या मी. पण जगले ना? तुला पोर हवी आहे की नाव हवंय?"

मैनेनं पोरीला पदराखाली ओढून घेतलं. 

बाराव्या दिवशी ऊन वर यायच्या सुमाराला मथुराबाईंनी माझ्यात फाटकं धडपं पसरलं आणि त्यावर पोरीला ठेवलं. मला हातांवर घेऊन त्या आळीमागच्या उकिरड्याकडे निघाल्या. चालताना पोर जागी होती. तिची मूठ माझ्या काठाला लागली आणि तिनं काठ धरला. मित्रांनो, तान्ह्या पोरांच्या हाताला जे लागेल ते ती धरतात, हे मला ठाऊक आहे. तरी मला वाटलं, हिनं मलाच धरलंय.

उकिरड्यापाशी मथुराबाईंनी मला तिरकं केलं. फोल उडवायला मला हजारदा तिरकं केलं होतं. पोर राखेवर आणि भाजीच्या देठांवर घरंगळली आणि रडायला लागली. मथुराबाई मागे न बघता चालू लागल्या. मागे बघायचं नसतं, अशी रीत. पण मी त्यांच्या छातीशी होतो, आणि त्यांची छाती कशी धडधडत होती ते मला कळत होतं.

ठरल्याप्रमाणे सोजरबाई तिथं उभी होती. तिनं पोरीला उचललं, पदरानं तिच्या अंगाची राख पुसली आणि ती सोनबाच्या दारात आली.

"बाई, उकिरड्यावर पोर गावली हाय. घ्याल का?"

मैनेला काय बोलायचं ते आधीच पढवलं होतं. डोळ्यांत पाणी आणायचं नव्हतं. पोरीकडे हात करायचा नव्हता. "काय घेशील?" तिनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सूपभर कोंडा द्या."

मैनेनं मला कोंड्यानं भरलं आणि सोजरबाईच्या पदरात रितं केलं. मग पोर तिच्या हातात आली.

"नाव काय म्हणायचं हिचं?" दारात जमलेल्या बायकांतून ठकूबाईंनी विचारलं.

"केरातून आली," मथुराबाई म्हणाल्या. "केरी."

आणि केरी जगली. पहिला पावसाळा गेला, हिवाळा गेला, वर्ष सरलं. कुणी आनंद केला नाही, कारण आनंद करायचा नव्हता. मैना तिला न्हाऊ घालून झाली की तिच्या गालाला काजळीचं बोट ओढायची. चारचौघांत "ही मेली केरी" म्हणायची आणि आत चुलीशी बसून तिच्या भाताखाली तूप लपवायची. तिचं सगळं प्रेम असं भाताखाली होतं. वरून दिसणार कसं?

केरी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तिला आपल्या नावाचं काही वाटत नसे. नाव म्हणजे एक आवाज, तो आला की ओ द्यायची. आळीतली पोरं खेळताना ओरडायची, "केर आला, दारं लावा!" तर ती हसायची. तिला तो खेळाचाच भाग वाटायचा. ठकूबाई म्हणायच्या, "आलीस का केरे? आता आलीच आहेस तर अंगण झाडून जा." ती झाडायचीसुद्धा.

मग एक दिवस आला. सणाची साफसफाई चालली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. केरी उंबऱ्याशी बसून चिंचोके खेळत होती. मथुराबाई आतून मैनेला म्हणाल्या, "अगं, तो केर आधी बाहेर टाक. घरात नको."

केरीनं चिंचोके खाली ठेवले. उठली, दाराबाहेर गेली आणि तिथंच भिंतीशी उभी राहिली.

मैना झाडू आणि सुपली घेऊन बाहेर आली, तेव्हा ती तिथं उभी दिसली. "इथं का उभी गं?"

"आजी म्हणाली ना, बाहेर टाक," केरी म्हणाली. ती रागावली नव्हती. रडतही नव्हती. सांगितलेलं ऐकलं होतं तिनं, एवढंच. मैनेच्या हातातली केराची सुपली तिथंच सांडली.

त्या दिवसापासून केरीला आपल्या नावाचा अर्थ कळला. आणि अर्थ कळला की ऐकू येणारं सगळंच बदलतं. आळी तिला दोन तऱ्हांनी वागवत होती, तेही तिला दिसू लागलं. कुणाच्या घरी धडधाकट बाळ असलं की दारातूनच सांगायचे, "केरी, तू लांबून बघ हो. तीन भावंडांच्या पाठीवरची तू." आणि कुणाचं बाळ आजारी पडलं की त्याच बायका तिला हाताला धरून न्यायच्या, "जरा याच्या डोक्यावरून हात फिरव गं, तुला यमानं टाकलंय." एकाच मुलीच्या हातानं बाळ मरतंही आणि तरतंही, असं आळीचं म्हणणं होतं. तिच्या हाताला मात्र चिंचोक्यांचा आणि माझ्यातल्या कोंड्याचा वास यायचा, दुसरं काही नाही.

सोनबा लोकांच्या भांड्यांवर नावं घालून द्यायचा. टोकदार खिळ्यानं ठिपका ठिपका मारत अक्षरं उमटवायची, हे त्याचं आवडतं काम. केरीनं एकदा त्याला म्हटलं, "बाबा, माझ्या गडूवर माझं नाव घाला ना." सोनबानं गडू मांडीत घेतला. बराच वेळ तो खिळा धरून बसला. मग त्यानं गडूवर एक फूल काढून दिलं. सहा पाकळ्यांचं, फार सुरेख. केरीनं ते बघितलं आणि गडू घेऊन ती आत गेली.

केरी सात वर्षांची झाली तेव्हा मैनेला मुलगा झाला. बाळ गुटगुटीत होतं. मथुराबाईंना वाटलं, केरीनं घरावरचं अरिष्ट परतवलं. आता भ्यायचं कारण नाही. या बाळाचं बारसं थाटात झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. मी सकाळपासून घुगऱ्यांचे हरभरे पाखडत होतो. बायकांनी पाळणा म्हटला आणि बाळाचं नाव ठेवलं माणिक.

बायका गेल्यावर केरी मैनेपाशी आली. मैना माझ्यातले उरलेले हरभरे मडक्यात ओतत होती.

"आई, माणिक म्हणजे काय?"

"रत्न असतं ते. लाल. राजाच्या मुकुटात बसवतात."

केरीनं थोडा विचार केला. "माझ्या वेळी पाळणा म्हटला होता?"

मैना हरभरे ओतत राहिली.

"तुला मी नको होते का?"

"नको कशी असशील?" मैना कळवळून म्हणाली. "तू हवी होतीस म्हणून तर तसं नाव ठेवलं गं. भीती वाटत होती मला. तू जाशील अशी भीती."

"मग माणिकची भीती नाही वाटत?"

मैनेच्या हातातले हरभरे खाली घरंगळले. मथुराबाईंनी कोपऱ्यातून उत्तर दिलं, "तू आहेस ना दारात. तुला बघून यम माघारी जातो. म्हणून त्याला चांगलं नाव ठेवता आलं."

म्हातारीला वाटलं, आपण पोरीचं कौतुक केलं. केरी मात्र माझ्याकडे बघत राहिली. दारात उभी राहणारी ती, आत मुकुटातला तो. सात वर्षांच्या मुलीला एवढं बरोबर कळतं, मित्रांनो. मोठ्यांना वाटतं की कळत नाही.

तरीही ती माणिकवर रुसली नाही. उलट तोच तिचा सोबती झाला. तो तिच्या कडेवर वाढला. त्याच्या तोंडी पहिला शब्द आला तो "केली". र म्हणता येत नसे त्याला. दोघं मला पालथा घालून माझ्यावर बोटांनी नगारा वाजवायची. "केली, अजून," माणिक म्हणायचा. माझ्या लेपाला तडे जायचे, मैना ओरडायची. त्या तीन वर्षांत माझे सगळ्यांत सुखाचे दिवस गेले, असं मी म्हणेन. कारण त्या एका तोंडात केरी हे नाव केराचं राहिलं नव्हतं.

माणिक तीन वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात पेठेत देवीची साथ आली. दारोदार कडुलिंबाचे डहाळे लागले. आळीतले हातोडे एकेक करून बंद पडले. माणिकला आधी ताप भरला, मग अंगावर फोड उठले. मैना त्याच्या उशाशी बसून कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालायची. सोनबा दाराशी बसायचा. कामाला हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई उठल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "माणिक नाव ठेवायला नको होतं. आत्ताच्या आत्ता बदलायला हवं."

"आत्याबाई, त्याला उन्हात उकिरड्यावर नेऊ देणार नाही मी," मैना म्हणाली.

"नको नेऊ. घरातच सुपात ठेवू. पण नाव बदलू. धोंड्या म्हणा, भिक्या म्हणा, ती नवी नावं. नव्या नावाचा काय भरवसा? यमानं एकदा ओळखून सोडलेलं नाव या घरात एकच आहे." आणि त्या केरीकडे वळल्या. केरी तेव्हा दहा वर्षांची होती. "पोरी, तुझं नाव भावाला देशील? पण असलं देणं मागून घेतलेलं चालत नाही. मनापासून द्यायला हवं."

केरी लगेच पुढे झाली. मथुराबाईंनी तिच्या ओंजळीत पाणी घातलं. तिनं ते ताम्हनात सोडलं आणि म्हणाली, "दिलं. माझं नाव मी माणिकला दिलं. त्याला बरं वाटू दे."

"आणि मी कोण?" असं तिनं विचारलं नाही. कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं होतं, पण सुपाला कोण विचारतो?

माणिकला माझ्यात ठेवलं. तीन वर्षांचं मूल सुपात मावत नाही. त्याचे पाय बाहेर राहिले आणि त्याच्या भारानं माझा काठ एका बाजूनं उसवला. तो काठ मग कुणीच नीट केला नाही. आत्ता सुरुवातीला तुम्हाला सांगितलं तोच.

मग सगळ्यांनी त्याला केरू म्हणायला सुरुवात केली. "केरू, पाणी पी." "केरू, डोळे उघड बाळा." माणिकला ते कळेना. तापातही तो मान हलवायचा. "मी माणिक," म्हणायचा. मथुराबाईंनी पाण्याची वाटी तोंडाशी नेली, "घे रे केरू," तर त्यानं तोंड फिरवलं आणि बोट बहिणीकडे केलं. "केली ती."

केरी भिंतीला चिकटून उभी होती. ती म्हणाली, "नाही रे, आता तूच केरी. मी नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं, आपली बहीण गेली असं वाटलं त्याला.

दोन दिवसांनी दुपारी माणिक गेला.

घरातलं रडणं मी सांगत नाही. ते तुम्ही समजून घ्या. पण त्यानंतर जे झालं ते सांगायलाच हवं. ज्या नावाला यम टाकतो असं म्हणत होते, तेच नाव घेऊन मूल गेलं होतं. आळीला आता नवं कारण हवं होतं. ठकूबाईंनी ते दिलं, "नावातच सगळं आहे. तिचं नाव घेतलं आणि पोर गेलं." आमच्या मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे, आणि आळीनं ते टिंब केव्हाच देऊन टाकलं होतं.

तेरावं झालं. मग एका दुपारी मथुराबाई, कुणालाच उद्देशून नाही अशा, म्हणाल्या, "तिनं मनापासून दिलं नसेल."

मुलगी तिथंच होती. माझ्यातले जोंधळे निवडत बसली होती. तिचे हात थांबले. ती उठली नाही, रडली नाही. पण त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं.

आणि तिला हाक मारायला घरात नावच नव्हतं. केरी म्हणावं तर ते गेलेल्या मुलाचं झालं होतं. सोनबा "पोरी" म्हणायचा. मथुराबाई "ए" म्हणायच्या. मैना जेवायला बोलवायला तोंड उघडायची आणि मिटायची. मुलगी हाकेला येत नव्हती, कारण हाकच नव्हती. पुढं पुढं ती जेवणाच्या वेळी मागच्या अंगणात जाऊन बसू लागली. तिच्या अंगावरचं मांस उतरलं. घर पाचवं मूल गमवायला निघालं होतं, आणि या खेपेला ताप नव्हता की फोड नव्हते.

ते आधी दिसलं सोजरबाईला. ती माझा उसवलेला काठ बघायला म्हणून आली होती. मला तिनं हातातही घेतलं नाही. अंगणातल्या मुलीकडे बघून मैनेला म्हणाली, "मैनाबाई, ही पोर मी उकिरड्यावरनं उचलून दिली तवा टाहो फोडून रडत व्हती. जित्ती व्हती. आता बघा."

मैना ताडकन उठली. त्या घरात आल्यापासून ती सासूपुढं मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"आत्याबाई, चार लेकरं गेली माझी. तीन मोठ्या नावांची आणि एक केर म्हणून. मरण नाव विचारून येत असतं तर एक तरी राहिलं असतं ना? यम फसला नाही. फसली ती पोर. दहा वर्षं तिनं आपल्या भीतीचं नाव अंगावर वागवलं आणि शेवटी तेही भावाला देऊन टाकलं. वर तुम्ही म्हणता, मनापासून दिलं नाही!"

मथुराबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. "मला दगडी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं नाही, दुखतं का म्हणून. मला वाटलं, दुखत नसतंच." 

दुसऱ्या दिवशी मैनेनं आळीत आमंत्रण केलं. दहा वर्षांच्या मुलीचं बारसं! ठकूबाई म्हणाल्या, "मुंज आणि लग्नही त्याच मांडवात उरकून घ्या म्हणावं." आल्या त्या तीन बायका आणि सोजरबाई. पाळणा नव्हता, माळा नव्हत्या. मैनेनं माझ्यात तांदूळ पसरले आणि सोनबाला म्हणाली, "लिहा."

"काय लिहू?"

"आवडी."

सोनबानं खिळ्याऐवजी बोट टेकवलं. भांड्यांवर शेकडो नावं घातलेल्या हातानं त्यानं तीन अक्षरं सावकाश काढली. तांदळातून माझ्या अंगावर ते नाव उमटलं.

मुलगी अंगणाच्या दारात उभी होती. मैना तिच्यापाशी गेली. "आवडते ती आवडी," ती म्हणाली. "हे कुणाला फसवायला ठेवलेलं नाही. हे खरंच आहे म्हणून ठेवलंय." आणि मग तिच्या कानात नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आवडे, जेवायला चल."

ती आली नाही, मित्रांनो. मागे वळून बघितलं तिनं, कुणाला हाक मारली म्हणून. मैना तिथंच उभी राहून पुन्हा म्हणाली. मग पुन्हा. शेवटी सोजरबाईनं तिला हाताला धरून पानावर बसवलं. दोन घास तिनं खाल्ले.

नवं नाव अंगाला लागायला फार दिवस लागले. आळी तिला केरीच म्हणत होती. माणूस एका दुपारी जातं, पण आळीनं ठेवलेलं नाव तसं जात नाही. मैना दिवसातून दहादा कारण नसताना हाक मारायची. सोनबा हातोडा थांबवून मारायचा. पहिल्या महिन्यात ती वळायला लागली. दिवाळीच्या सुमाराला तिनं एकदा "ओ" म्हटलं, अगदी बारीक. मैना त्या वेळी जात्यावर होती. ती दळायची थांबली आणि तिथंच डोळे मिटून बसली. मथुराबाई मात्र तिला कोणत्याच नावानं हाक मारत नव्हत्या.

माघात एका सकाळी ठकूबाई दारात आल्या. आवडी उंबऱ्याशी बसून मला पाखडत होती.

"केरे, सूप दे गं जरा. माझं उंदरानं खाल्लं."

आवडी पाखडत राहिली.

"केरे! कान फुटले का?"

आवडीनं मला मांडीवर टेकवलं आणि दोन्ही हातांनी धरलं.  "ते नाव माझ्या भावाचं आहे," ती म्हणाली. "तो घेऊन गेला. मला आवडी म्हणतात. तसं म्हणा, मग सूप देते."

"अगं बाई! उकिरड्यावरची पोर मला शिकवणार?" ठकूबाई आत वाकून म्हणाल्या, "मथुराबाई, ऐकलंत का? तुमच्या केरीला तोंड फुटलंय."

आत सोनबाचा हातोडा थांबला.  मग मथुराबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. त्यांनी ठकूबाईंकडे बघितलं नाही. नातीकडे बघितलं.  

"दे गं आवडे," त्या म्हणाल्या. "सूप दे तिला. आणि ठकूबाई, परत कराल तेव्हा आवडीच्याच हातात द्या. नाव विचारून."

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. सुपाला कुणी सुपापलीकडे काही म्हणत नाही, म्हणून मला नावाचं दुःख ठाऊक नाही. पण ते जिला होतं तिला मी माझ्या काठाशी धरलं आहे. म्हणून एवढं मागतो. कुणाचं नाव विचित्र वाटलं तर हसू नका. ते त्यानं स्वतः ठेवलेलं नसतं, वागवायचं मात्र त्यालाच असतं. आणि तुमच्या घरी बाळ आलं, तर त्याच्यासाठी योजलेलं नाव आधी एकदा मोठ्यानं हाक मारून बघा. त्या हाकेला आपण आनंदानं ओ दिली असती का, ते आपल्या मनाला विचारा. मगच ते बाळाला द्या.